चोराला पाणी देणारी चाळ

आमच्या चाळीतल्या चोरीची गोष्ट सांगायची तर आधी हे सांगावं लागतं, की चोरांना जिन्यावरून सामान उतरवायला माझ्या सासऱ्यांनीच हात लावला होता. पुढची सगळी धमाल त्यातूनच झाली.

गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते. मी गिरगावातून लग्न होऊन करी रोडच्या या चाळीत आले तेव्हा पहाटेच्या भोंग्यांनी दचकून उठायची. आता भोंगेच बंद होते आणि त्या शांततेचीही सवय झाली होती. सासरे गिरणीत साचे, म्हणजे माग, दुरुस्त करणारे फिटर. संपापासून घरीच. नवरा एका छापखान्यात नोकरीला आणि मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट, म्हणून आमचं घर चाललं होतं. पण मला दिवस गेले, पाय सुजायला लागले आणि डॉक्टरीणबाईंनी जिने चढायची-उतरायची बंदी केली. तेव्हापासून माझं बस्तान गॅलरीतल्या लाकडी खुर्चीवर. दुसऱ्या मजल्यावरून समोरची चाळ, मधला रस्ता, कोपऱ्यावरचा चहावाला आणि करी रोडच्या पुलाकडे जाणारी वाट, सगळं दिसायचं. सासूबाई म्हणायच्या, "बस थय. बाळाक पण मुंबई बघूंदे."

निम्मी चाळ तेव्हा बंद होती. पगार नाही, तर मुंबईत बसून खायचं काय, म्हणून माणसं बायकापोरांसह कोकणात निघून गेली होती. एरवी ज्या चाळीत दिवसा कुणी दार लोटतसुद्धा नव्हतं, तिथे ओळीनं कुलपं लटकत होती. बहुतेक सगळी लालबागच्या फुटपाथवर घेतलेली.

एका दुपारी खाली हातगाडी लागली. दोघं माणसं वर आली. एक पन्नाशीचा, पांढरी टोपी, कपाळाला गंध, बोलणं अगदी अदबीचं. दुसरा तरुण, गप्प. शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या खोलीपुढे ते थांबले. काकू यजमानांबरोबर आणि मुलांबरोबर गावी गेल्या होत्या. टोपीवाल्यानं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दोघं आत शिरले. थोड्या वेळानं तांब्याचा बंब बाहेर आला, मग पितळी हंडे, मग टेबलफॅन.

सासरे दारात उभे होते. टोपीवाल्यानं त्यांना नमस्कार केला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दादांनी गावाहून निरोप धाडला. काय करणार, दिवसच असे आलेत."

सासऱ्यांनी मान हलवली आणि नजर दुसरीकडे वळवली. मीही वळवली. त्या दिवसांत घराघरातून वस्तू बाहेर जात होत्या. आज याचं कपाट, उद्या त्याचा रेडिओ. कुणाच्या घरातून काही निघालं, की शेजारी आत जायचे, पोरांना हाक मारायचे, उगाच भांडी आवरायला लागायचे. विकणाऱ्याला आणखी शरम वाटू नये एवढंच त्यामागे होतं. कुठं चाललं, कुणी घेतलं, हे कुणी विचारायचं नाही, असं न ठरवता ठरून गेलं होतं.

शेवटी शिलाई मशीन निघालं. ते लोखंडी पायासकट जिन्याच्या वळणावर अडकलं. तरुण माणूस घामाघूम झाला. सासऱ्यांतला फिटर काही स्वस्थ बसेना. "असा नाय रे, तिरका धर. पाय वर कर," म्हणत ते स्वतःच मशीनला भिडले आणि खालपर्यंत उतरवून आले. टोपीवाल्यानं पाणी मागितलं, सासूबाईंनी तांब्याभांडं आणि गुळाचा खडा दिला. "आई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून," असं म्हणून तो पाणी प्याला आणि हातगाडी पुलाकडे निघून गेली.

गणपतीच्या थोडं आधी काकू परतल्या. यजमान गावीच शेतीला राहिले होते. सणाला ब्लाऊज-परकराचं काम मिळेल या आशेनं त्या एकट्याच, मुलांना घेऊन आल्या होत्या. गाठोडं खाली ठेवून त्यांनी किल्ली लावली, दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मग मागे वळून माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "वहिनी, माझं मशीन कोणी हलवलं?"

"हलवलं म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच विकलात ना?"

"मी? मशीन विकीन? मग खाऊ काय?"

सासरे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. ते बाहेर आले, त्यांनी काकूंची रिकामी खोली पाहिली आणि भिंतीला हात लावून खाली बसले. "मीयाच उचलून दिलंय," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. काकू रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत, उलट सासऱ्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, तुम्हाला काय माहीत? उठा, चौकीवर जाऊन येऊ."

संध्याकाळी हवालदार आले. पोट सुटलेले, मिशा पिकलेल्या, साताऱ्याकडचा हेल. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोर पाणी प्याला म्हणता. पाणी दिलं कुणी?"

सासूबाईंनी हळूच हात वर केला.

"गूळ बी?"

"व्हय."

हवालदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण काकू समोर होत्या म्हणून त्यांनी ते खोकल्यावर नेलं. मग त्यांनी सासूबाईंची कुलपाची किल्ली मागून घेतली आणि गॅलरीत चालत सुटले. शेजारच्या खोलीचं कुलूप त्या किल्लीनं उघडलं. त्याच्या पलीकडचं थोडं हिसकावल्यावर उघडलं. तिसरं नाही उघडलं, पण चौथं उघडलं. बायकांनी तोंडावर पदर धरले.

"बघा," हवालदार म्हणाले. "एकाच फुटपाथवरची कुलपं. त्याच्यापाशी किल्ल्यांचा जुडगा असणार, त्यातली एक लागलीच. पण कुलपाचं सोडा. तुमची चाळ माणसांनी भरलीय, ती कुलपापेक्षा बरी. फक्त विचारायला शिका. कुणाचं सामान, कुणी सांगितलं, कुठं चाललं. भलत्या माणसाला उत्तर सुचत नाही. आणि काय वाटलं तर मारहाण करायची नाही. त्याला बोलण्यात गुंतवायचं आणि एकानं चौकी गाठायची. गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जायचं, पण गॅलरीतून ओरडून नव्हे. खाली चहा पिणाऱ्याला सगळं ऐकू जातं."

त्या रात्री सासरे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र हत्यारांची पिशवी काढून कामाला लागले. संपानं त्यांच्या हातांना काम उरलं नव्हतं. आता एकदम सगळी चाळ त्यांचा कारखाना झाली. कुठून कुठून लोखंडी पट्ट्या जमवून त्यांनी बंद खोल्यांना आडवे अडसर बसवले. कोयंड्यांचे सैल खिळे काढून आरपार बोल्ट घातले. इथवर ठीक होतं. पण त्यांचं तेवढ्यावर समाधान होईना. चाळीच्या भजनी मंडळाच्या जुन्या झांजा होत्या, त्या त्यांनी गॅलरीच्या तुळईला टांगल्या आणि प्रत्येक बंद दारापासून तिथपर्यंत सुतळी ओढली. दार ढकललं की झांजा वाजणार. एक दोरी माझ्या खुर्चीपाशी आणून बांधली. "तू बसलेलीच असतंस. काय दिसला तर ओढ."

झांजा वाजल्या, पण चोरांमुळे नाही. मांजर सुतळीवरून गेलं, झांजा. पोस्टमननं दाराला पत्र खोचलं, झांजा. वारा सुटला की भजनाला तोंड फुटल्यासारखं व्हायचं. प्रत्येक वेळी माणसं लाटणी, छत्र्या घेऊन बाहेर यायची आणि सासऱ्यांकडे बघून परत जायची. सासरे प्रत्येक वेळी म्हणायचे, "वाजला ना? म्हणजे चालता!"

विचारण्याचं शिक्षणही जोरात झालं. पहिल्या मजल्यावरच्या आजी जिन्याच्या तोंडाशी तांदूळ निवडत बसायच्या. त्यांनी हे काम अंगावर घेतलं. आणि त्यांच्या तावडीत पहिला सापडला तो माझा बाप.

बाबा गिरगावातून डिंकाचे लाडू घेऊन आले होते. स्वच्छ धोतर, कोट, हातात मोठा स्टीलचा डबा. आजींनी पाय आडवा घातला. "कोणाकडे?"

"माझ्या मुलीकडे," बाबा म्हणाले.

"नाव?"

बाबांनी माझं नाव सांगितलं. माहेरचं. लग्नात माझं नाव बदललं होतं आणि सासरी मला त्या नावानं कुणी ओळखत नव्हतं.

"या नावाची बाई या चाळीत नाही," आजी म्हणाल्या. "डब्यात काय आहे?"

"लाडू."

"कोणी पाठवले? कुठं चालले?"

बाबा शिस्तीचे गृहस्थ, आवाज न चढवणारे. ते समजावत राहिले आणि जितकं समजावत राहिले तितका आजींचा संशय पक्का होत गेला. शेवटी आजींनी हाळी दिली, मी कठड्यावरून वाकून पाहिलं तर बाबा भिंतीशी उभे, भोवती बायका आणि डबा आजींच्या मांडीवर. मी वरून ओरडले, "अहो ते माझे बाबा आहेत!" आजींनी वर बघून मला विचारलं, "नक्की का?" आणि मग एक लाडू चाखून डबा परत केला. बाबा वर आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तू इथे सुरक्षित आहेस, याची मला आज खात्री पटली."

असे काही आठवडे गेले. काकू दुसऱ्या एका बाईकडच्या मशीनवर दुपारचं शिवायला जात होत्या. मशीन मिळेल अशी आशा कुणाला नव्हती.

आमच्याकडे मासळी घेऊन शिवडीची एक कोळीण यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. संपात माणसांनी मासळी घेणं जवळजवळ सोडलं होतं, तरी ती यायची. असलं तर घ्यायचं, नसलं तर दोन गोष्टी बोलायच्या. त्या दिवशी सकाळचं ऊन वर चढलं होतं. मावशी टोपली न घेताच धापा टाकत माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"पोरी, तो टोपीवाला आलाय. समोरच्या चालीत."

"कोण टोपीवाला?"

"मशीन नेलंन तो गो! त्या दिशी मी खाली बसली होती. त्यान माजी टोपली पायान सरकवली, वर 'मावशी, जरा बाजूला' म्हनून गोड बोलला. मी इसरन होय? माज्या डोल्यांनी बगितलाय."

मी समोर पाहिलं. खाली हातगाडी उभी होती आणि तिच्याशी तोच तरुण. सासरे आत दाढी करत होते. मी हाक मारली तशी ते अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले, एकदा खाली बघितलं आणि पायात चप्पल न घालता मागच्या जिन्यानं चौकीकडे धावले.

"आता तो उतरेपर्यंत हवालदार येतील का?" मी म्हणाले.

"उतरल कसा?" मावशी म्हणाली. "माज्या टोपलीवरनं?"

ती खाली गेली. समोरच्या चाळीला मात्र एकच लाकडी जिना. मावशीनं त्याच्या तोंडाशी पाट मांडला, टोपली ठेवली, कोयता काढला आणि पापलेटं ओळीनं मांडली. मागोमाग माझ्या सासूबाई, काकू आणि आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजी रस्ता ओलांडून गेल्या आणि मासळीभोवती कोंडाळं करून बसल्या. कित्येक महिन्यांत पापलेटाला हात न लावलेल्या त्या बायका अशा काही घासाघीस करायला लागल्या, की मला वरून बघताना खरंच वाटलं आज घरी कालवण आहे.

टोपीवाला आणि एक हमाल जिन्यावरून उतरले, दोघांच्या मध्ये मोठी पत्र्याची पेटी. खाली येऊन अडकले.

"मावशी, जरा बाजूला," तो म्हणाला. तसाच अदबीनं.

"थांब रे बाबा, गिऱ्हाईक हाय."

"पेटी जड आहे हो."

"मग ठेव खाली. माजं पापलेट काय उडी मारून जानार नाय, तुजी पेटी बी नाय."

सासूबाईंनी मान वर केली. "कोणाचा सामान ह्या?"

"वरच्या कोपऱ्यातल्या बिऱ्हाडाचं. गावी गेलेत, विकायला सांगितलंय."

"खयच्या गावाक?"

"रत्नागिरीला."

"अगो बाई," सासूबाई म्हणाल्या, "ती माणसा तर आज सकाळीच दादरला लग्नाक गेली. संध्याकाळी येतली. माका सांगून गेलीहत."

टोपीवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यानं पेटी खाली ठेवली. गाडीशी उभ्या तरुणानं ते पाहिलं आणि गाडी तशीच सोडून पुलाच्या दिशेनं चालायला लागला. आधी हळू, मग भरभर. बायकांची त्याच्याकडे पाठ होती, त्यांना तो दिसत नव्हता. मी ओरडले, पण रस्त्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? मग मी ती दोरी धरली आणि दोन्ही हातांनी ओढली. ओढतच राहिले. झांजा अशा कडाडल्या की दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या भरून गेल्या. मी पुलाकडे बोट दाखवून नुसती "तो! तो!" करत होते. कोपऱ्यावरचा चहावाला पुढे आला आणि त्यानं गरम चहाची किटली हातात धरून वाट अडवली. उकळत्या किटलीवर कोण चालून जाणार? तेवढ्यात पुलाकडूनच हवालदार आणि दोन शिपाई आले, पुढे सासरे, गालाला साबण सुकलेला.

कुणी कुणाला हात लावला नाही. टोपीवाल्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा निघाला. हमाल बिचारा खरंच नाक्यावरचा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. चौकशी करून त्याला सोडून दिलं. जाताना टोपीवाल्यानं हवालदारांकडे पाणी मागितलं. हवालदारांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "चौकीत नळ हा."

टोपीवाला आणि तो तरुण, या दोघांकडून पोलिसांना रे रोडच्या लाकडाच्या वखारींमागचं एक गोदाम कळलं. तिथे जुन्या सामानाचे ढीग होते. ओळख पटवायला काकू आणि सासरे गेले. बंब आणि हंडे केव्हाच मोडीत गेले होते. पण एका कोपऱ्यात शिलाई मशीनं लावून ठेवली होती, सगळी काळी, सगळी सारखी. काकूंनी एकेका मशीनचं चाक फिरवून पाहिलं आणि एकापाशी जाऊन बसल्या. "हे माझं. आधी चाक उलटं फिरवल्याशिवाय हे दोरा धरत नाही." हवालदारांनी खिशातला रुमाल पुढे केला. काकूंनी चाक मागे घेतलं, पाय मारला आणि रुमालाच्या कडेला सरळ टीप घातली. शेजारच्या मशीनवर तेच करून दाखवलं, तर दोरा तुटला. सासरे घरी येऊन सांगत होते, "हवालदार म्हणालो, रुमाल तेवढो परत द्या." कित्येक महिन्यांनंतर ते पहिल्यांदाच पोट धरून हसले.

कोर्टाचे सोपस्कार होऊन मशीन ताब्यात मिळेपर्यंत माझी मुलगी झाली. हातगाडीवरून मशीन आलं, त्याला झेंडूचा हार होता. काकूंनी पहिली टीप घातली ती माझ्या मुलीच्या झबल्यावर. बारशाला हवालदार बायकोला घेऊन आले आणि मावशीनं पापलेटं आणली. ती मात्र कुणालाही भाव करू न देता.

संप मिटला असं कधी कुणी सांगितलं नाही. तो नुसता विरत गेला. काही गिरण्या अर्धवट सुरू झाल्या, सासऱ्यांची झाली नाही. बरीच वाट पाहून त्यांनी दादरच्या एका इमारतीत वॉचमनची नोकरी धरली. खाकी कपडे पहिल्यांदा घातले त्या सकाळी ते आरशापुढे जास्त वेळ उभे राहिले नाहीत. साचे दुरुस्त करणाऱ्या हातांनी फाटक उघडायचं, हे त्यांना लागलं होतं. पण महिन्याभरात इमारतीतली सगळी माणसं त्यांना ठाऊक झाली. कुणाची मोलकरीण कधी येते, कुणाचा नातू कुठल्या शाळेत जातो, कुणाला गुडघ्याचं दुखणं आहे. घरी जेवताना तेच बोलणं.

त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या, निवृत्त शिक्षिका. रोज सकाळी त्यांच्या खिडकीतून रेडिओवरच्या बातम्या फाटकापर्यंत ऐकू यायच्या. एके सकाळी बातम्या ऐकू आल्या नाहीत. सासरे थोडा वेळ थांबले, मग वर गेले, बेल वाजवली, उत्तर नाही. शेजाऱ्यांना उठवून त्यांच्याकडची किल्ली घेऊन दार उघडलं, तर बाई न्हाणीघरात पडलेल्या. मांडीचं हाड मोडलं होतं, शुद्ध होती, आवाज मात्र निघत नव्हता.

इस्पितळातून बाई परत आल्या तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर रेडिओ खिडकीत आणून ठेवला आणि पूर्ण मोठा केला. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ चिडून फाटकाशी आले आणि सासऱ्यांना म्हणाले, "त्या बाईंना आवाज कमी करायला सांगा, कान फुटतायत."

सासऱ्यांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, ता माझ्यासाठी लावलेला हा."